धुळ्याच्या बँजोवरची खोळ

दुसऱ्या पार्टीच्या सामानाला हात लावायचा नाही. आमच्या बँजो पार्टीत नवा माणूस आला की सूर-ताल मी नंतर सांगतो, हे आधी सांगतो. शाळा माझी लवकर सुटली. पुस्तकातलं काही येत नाही, पण स्टेजवर कसं वागायचं ते येतं.

एका स्टेजवर दोन पार्ट्या आल्या तर ज्याची त्याची सतरंजी. आपली सतरंजी संपली की आपलं गाव संपलं. पलीकडे त्याची ढोलकीसारखी नाल असेल, ऑक्टापॅड असेल, त्याच्यावरून पाय टाकून जायचं नाही, वळसा घालून जायचं. त्याच्या मशीनवर पाण्याचा ग्लास ठेवायचा नाही. बोर्डातून त्याची वायर काढायची वेळ आली तर हाक मारायची, त्यानं मान हलवली की मग काढायची. त्याची तार तुटली तर आपल्याकडची द्यायची, पण हातात द्यायची. त्याच्या बँजोला आपण लावायची नाही. आणि वाद्यावर खोळ असेल तर खोळीलासुद्धा हात नाही. झाकलेलं वाद्य मालकासाठी झाकलेलं असतं.

बायको म्हणायची, "माझ्या मिक्सरचं झाकण फोडलं ते कोणाला विचारून हात लावला होता?"

मी म्हणायचो, "मिक्सर काय वाद्य आहे का?"

"वाजतो तर तुमच्यापेक्षा जास्त."

ती गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. घरात शिवणाची मशीन आहे, तिच्यावर मी वर्तमानपत्रं ठेवतो.

आता ज्याच्याबद्दल लिहायला बसलो त्याचं सांगतो. धुळ्याला एक बँजोवाला आहे. नाव लिहीत नाही. माझ्याच वयाचा, माझंच वाद्य. आमचा बँजो म्हणजे बटणांचा, समोर आडवा ठेवून वाजवायचा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. खानदेशात लग्न म्हटलं की बँजो लागतोच, डीजे कितीही आले तरी हळदीला म्हाताऱ्या बाया बँजोच मागतात. तर या धुळेवाल्याचा मला हेवा वाटतो. आज नाही, पहिल्यापासून वाटतो. बटणाचं वाद्य ते, एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना सूर तुटणारच. त्याचा तुटत नाही. कसा तुटत नाही ते मी दार लावून करून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा पाहिलं, तेव्हाही नाही. त्याचा हात वर गेला की मांडवातले सगळे मोबाइल वर जातात. माझ्या वेळी लोक जेवायला उठतात.

केस काळे करतो. पार्टीच्या माणसांना एकसारखी जाकिटं शिवलीत. आणि त्याची बायको आहे. भर कार्यक्रमात तिचा फोन येतो, बीपीची गोळी घेतली का म्हणून, आणि हा माणूस माइकसमोर बसून मोठ्यानं सांगतो, "घेतली, घेतली, किती वेळा पुसशील." लोक हसतात. मागच्या वर्षी एका ओळखीच्यानं त्याचा असा व्हिडिओ दाखवला तेव्हा मी फोन परत दिला. सुराचं एक वेळ सहन होतं. हे फोनचं होत नाही.

बायकोच्या आजारपणात मी सुपाऱ्या घेणं बंद केलं होतं. ती गेल्यावरही पुष्कळ दिवस बँजो पलंगाखाली होता. या हंगामात आमचा नालवाला घरी आला आणि म्हणाला, "नाना, घरात बसून तुम्ही भिंतीशी भांडाल. चला." म्हणून निघालो. पहिलंच लग्न धरणगावचं. मुलीकडच्यांनी आम्हाला सांगितलं होतं, मुलाकडचे धुळ्याचे, त्यांनी आपली पार्टी बरोबर आणली. स्टेज एकच. कोणाची पार्टी असणार ते मला टेम्पोतून उतरायच्या आधी समजलं, कारण काळे केस लांबूनच दिसले.

मांडव एका बंद जिनिंगच्या आवारात होता. कापसाचा हंगाम कधीच उलटला होता, तरी पत्र्यांच्या सांदीत अडकलेला कापूस वारा आला की उडायचा. तो बटणांखाली गेला की बटण वर येत नाही, म्हणून मी माझा बँजो खोळीतच ठेवला. माझी खोळ खाकी आहे. बायकोनं माझ्याच जुन्या पँटची शिवलेली. एका बाजूला खिसा शिवायचा राहिला, तो राहिलाच. मी एक-दोनदा बोललो होतो. ती म्हणायची, गिऱ्हाइकांचे ब्लाउज आधी.

सकाळची वेळ, हळद व्हायची होती. आमची सतरंजी डावीकडे, त्यांची उजवीकडे. धुळेवाला खाली चहाला गेला होता. मी वायर लावता लावता सहज त्यांच्या सतरंजीकडे पाहिलं आणि मला ती खोळ दिसली.

फिकट हिरव्या रंगाची, त्यावर पांढऱ्या रेघा.

ही साडी मी आणली होती. जन्मात एकच साडी मी एकट्यानं दुकानात जाऊन निवडली, ती हीच. घरी आणली तेव्हा बायको तोंडाला पदर लावून हसत बसली. "साडी आणायला गेले आणि भरताचं वांगं घेऊन आले." आमच्या जळगावकडची भरताची वांगी तशीच असतात, हिरवी, पांढऱ्या रेघांची. त्या दिवसापासून त्या साडीचं नाव भरताची साडी. नेसायची मात्र. ती गेल्यावर मी कपाट उपसलं तेव्हा ती साडी नव्हती. बोहारणीला देऊन भांडं घेतलं असेल असं मी धरून चाललो. दुसरी का नाही दिली, हीच का दिली, एवढं मनात राहिलं होतं.

आणि ती इथं, धुळ्याच्या बँजोवर.

शिवण तिचीच. दोन वेळा उलटून घेतलेली कड, कोपऱ्यात तिरका टाका. जळगावात शंभर शिंपी असतील, तो टाका एकीचा. मी सतरंजीवरून सरळ गेलो. वळसा घातला नाही. खाली बसलो आणि खोळीवर हात ठेवला. आत गोधडीसारखं अस्तर होतं, हाताला मऊ लागलं. माझ्या खोळीला अस्तर नाही. आणि याच्या खोळीला खिसा होता, वर झाकणासकट.

"ओ नाना," त्यांचा ऑक्टापॅडवाला म्हणाला, "हात काढा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

आमचा नालवाला माझ्याकडे बघत राहिला. मी हात काढला नाही.

तेवढ्यात धुळेवाला चहाचा कप घेऊन वर आला. मला पाहून थांबला. मी बसल्या बसल्या विचारलं, "ही खोळ कुठून आणली?"

त्यानं कप बाजूला ठेवला. सतरंजीच्या बाहेर ठेवला, ते मी पाहिलं. तो अहिराणीत सुरू करतो आणि मध्येच शुद्ध मराठीवर येतो, तशी त्याची बोली. म्हणाला, "तुमना घरनी शे, नाना. पन चोरीनी नही."

"मी चोरी म्हटलं का?"

"तोंडावर दिसतंय."

"माझ्या बायकोची साडी आहे ही."

"माहीत आहे. अक्कांनीच शिवून दिली." मग आपल्या माणसाला म्हणाला, "तू जाय, चहा पी." ऑक्टापॅडवाला गेला. आमच्या नालवाल्यालाही मी हातानं जा म्हटलं. तो दोन पायऱ्या उतरून तिथंच थांबला. माझ्यावर त्याचा भरवसा नसावा.

धुळेवाला माझ्यासमोर मांडी घालून बसला. आमच्या मध्ये बँजो.

"जामनेरचं लग्न आठवतं का, तुमच्या साडूकडचं? आम्ही वाजवायला होतो. तुम्ही पाहुणे."

आठवत होतं. त्या लग्नात मी स्टेजकडे पाठ करून बसलो होतो, जेवतानासुद्धा. तो वाजवत असताना मी शेजारच्याला मुद्दाम केळीच्या भावाचं विचारत होतो.

"तुम्ही पाठ करून बसला होता," तो म्हणाला.

"ऊन येत होतं."

"रातले?"

मी खोळीची कड चाचपत राहिलो.

"तर त्या वख्तले अक्का स्टेजपाशी आल्या. माझा बँजो तेव्हा खताच्या गोणीत असायचा. मला म्हणाल्या, भाऊ, हात लावू का? मला वाटलं कोणी लहान मूल बरोबर आहे, त्याला दाखवायचं असेल. म्हटलं लावा. त्यांनी वितीनं माप घेतलं. लांबी घेतली, रुंदी घेतली, बटणांची उंची घेतली. उठल्या आणि गेल्या. पुढं तुमच्या साळीच्या हाती ही खोळ धुळ्याला आली."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी नको म्हटलं होतं. म्हणे घरी समजलं तर चार दिवस तोंड वाकडं राहील."

ते खरं होतं. चार नाही, जास्त राहिलं असतं.

"म्हणून तुम्ही समोर असायचे तेव्हा मी गोणीच आणायचो," तो म्हणाला. "पुसा माझ्या माणसांना. जळगावचे नाना असणार म्हटलं की खोळ घरी. माझी बायको म्हणायची, तुम्ही काय लफडं करताय का खोळीचं? आता अक्का नाहीत. आता कोणासाठी लपवू? तुमच्याकडे भेटायला येणार होतो खोळ घेऊन. पाय वळला नाही."

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहितो, चांगलं नाही तरी. ती माझ्याशी आयुष्यभर जे बोलली ते सगळं माझ्याकडे आहे. मी ते रोज फिरवून फिरवून आठवतो. नवीन काही त्यात यायचं नाही, हे मला कळून चुकलं होतं. आणि इथं हा माणूस बसलाय, काळ्या केसांचा, बायको जिवंत असलेला, आणि याच्याकडे तिचं एक बोलणं आहे जे मी ऐकलेलंच नाही. सूर त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, खिसेवाली खोळ त्याच्याकडे, आणि वर हेसुद्धा. मला ते बोलणं पाहिजे होतं, पुरतं. त्याच्याकडे मागावं लागणार होतं म्हणून जीभ उचलत नव्हती.

शेवटी विचारलं. "माप घेताना आणखी काय बोलली?"

"बोलल्या ना."

"काय?"

तो जरा हसला. "म्हणाल्या, आमच्या घरात रोज तुमच्या बँजोचं नाव निघतं. ज्याचं इतकं नाव निघतं तो गोणीत बरा दिसत नाही."

मी खाली पाहिलं. घरी मी त्याचं नाव घ्यायचो ते शिव्या देण्यासाठी. केस काळे करतो, जाकिटं घालतो, लोकांना नादी लावतो. ती भाकरी थापता थापता ऐकायची. कधीमधी एवढंच म्हणायची, "मग तो सूर कसा काढतो ते तरी सांगा." आणि मी सांगायचो. अर्धा अर्धा तास सांगायचो, हातवारे करून. तिला त्यातून काय समजलं होतं ते मला आता समजलं, आणि तेही त्याच्या तोंडून.

"आणि?" मी म्हटलं.

"आणि काय?"

"माझं वाजवणं? त्याचं काही बोलली?"

"नाही," तो म्हणाला. "त्याचं काही नाही बोलल्या."

दुसरा कोणी असता तर माझं मन राखायला दोन शब्द जोडले असते. यानं नाही जोडले. मला राग आला आणि बरंही वाटलं. राग जास्त आला.

मग तो उठला, बँजोवरची खोळ काढली, खिसा उघडून आतल्या वस्तू काढल्या. तारांची पुडी आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी. त्याची बायको गोळ्या तिथंच ठेवते. माझ्या साडीच्या खिशात. त्यानं खोळीची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"न्या," तो म्हणाला. "तुमचीच शे."

मी ती तोंडाजवळ नेली. मांडवातले लोक बघत असतील, बघू देत. तिचा वास नव्हता. तेलाचा होता, तारांच्या गंजाचा, गोळ्यांचा. एवढ्या वर्षांत ती त्याची झाली होती. माझ्या कपाटात राहिली असती तर कदाचित माझी राहिली असती, पण ती साडी असती, खोळ नसती. तिनं ती कापली ती या बँजोच्या मापानं. माझ्या बँजोला लावून पाहिली असती तर बसली नसती, त्याचा बँजो माझ्यापेक्षा लांब आहे. तेही आहेच.

तरी मी ती नेणार होतो. हे साफ सांगतो. घडी काखेत घेऊन मी उठलोही होतो.

तेवढ्यात खालून कोणीतरी कुलर सुरू केला. मोठा, दोन माणसांनी उचलायचा. स्टेजपाशी बसलेल्या नवरदेवाच्या आईला उकडत होतं म्हणून त्याचं तोंड स्टेजकडे फिरवलं. असल्या कुलरमधून नुसता वारा येत नाही, पाण्याचे थेंब येतात, आणि जिनिंगचा उडालेला कापूस त्या वाऱ्यात सापडला. धुळेवाल्याचा बँजो उघडा पडला होता. मी पाहिलं, पहिले थेंब तारांवर पडले आणि दोन-तीन बटणांवर ओला कापूस चिकटला. धुळेवाला कुलरवाल्याला हाका मारत पायऱ्या उतरत होता. सतरंजीवर दुसरं कोणी नव्हतं.

मला काय वाटलं असेल ते सांगायची गरज नाही. एका क्षणाला वाटलं, भिजू दे. भिजला की आज तरी सूर तुटेल.

पण ते वाद्य आहे. माणसाशी माझं वैर असेल, वाद्यानं माझं काय केलं. मी खाली बसलो, खांद्यावरच्या रुमालानं तारा पुसल्या, बटणांवरचा कापूस नखानं काढला आणि खोळ चढवली. दुसऱ्याच्या वाद्याला न विचारता हात लावला, एकाच सकाळी दोनदा. खोळ चढवली तेव्हा पाहिलं, किती बरोबर बसते. कुठं सैल नाही, कुठं ओढ नाही. वितीनं घेतलेलं माप. तिची वीत मला माहीत आहे, माझ्या तळहातावर यायची.

तोंडाशी नाडी होती. ती मी बांधली. तिची एक गाठ होती, पिठाच्या पिशवीला, डब्याच्या फडक्याला, सगळ्याला तीच. एक टोक ओढलं की आवळते, दुसरं ओढलं की झटकन सुटते. हात आपोआप चालला.

धुळेवाला कुलर फिरवून वर आला. खोळ घातलेली पाहिली, नाडी पाहिली. बसून एक टोक ओढून बघितलं, गाठ आवळली. दुसरं ओढलं, सुटली.

"हाई गाठ," तो म्हणाला. "खोळ आली तेव्हा अशीच बांधलेली होती. मी ओढली आणि सुटली, मग मला कधी बांधता आली नाही. माझ्या बायकोलाही नाही आली. तेव्हापासून कशी तरी गुंडाळतो. किती लोकांना पुसलं."

"हं."

"शिकवा ना, नाना."

हळदीच्या बाया यायला लागल्या होत्या. नालवाला पायरीवरून वर आला, म्हणाला, पहिलं कोण वाजवणार ते विचारतायत. मुलीकडचे म्हणून पहिला मान आमचा. मी आमच्या सतरंजीवर आलो. या वेळी वळसा घालून आलो. खाकी खोळ काढली, वाजवलं. लोक नेहमीप्रमाणे उठून इकडेतिकडे गेले. मग त्यानं वाजवलं. सूर तुटला नाही. सगळे मोबाइल वर. मध्ये बायकोचा फोन आला, त्यानं उचलला, "घेतली" म्हणाला. मी पाठ केली नाही, तोंड त्याच्याकडेच ठेवून बसलो. बरं वाटत होतं म्हणून नव्हे. खोळ त्याच्या मांडीशेजारी पडली होती, ती डोळ्यांआड होऊ द्यायची नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर सामान आवरताना तो बँजो खोळीत घालून माझ्याकडे घेऊन आला. आमच्या सतरंजीच्या कडेला उभा राहिला, आत पाय टाकला नाही.

"येऊ का?"

"या."

"बांधून तरी द्या मग."

मी बांधली. तो वाकून माझ्या बोटांकडे बघत होता, म्हणून मी जरा पाठ वळवून बांधली.

"शिकवत नाही ना?" तो म्हणाला.

"नाही."

"काबरं?"

"तुमच्याकडे पुष्कळ आहे," मी म्हटलं. "हे एवढं माझ्याकडे राहू द्या. कुठं भेटलो तर बांधून देईन."

त्यानं बँजो काखेत घेतला. टेम्पोत चढताना मला दिसलं, गाठीच्या वरून त्यानं हात धरला होता, सुटू नये म्हणून. धुळ्याला पोचल्यावर ती सोडावी लागणारच होती.